स्वभावाला औषध नाही म्हणणारे

(रत्नागिरीत तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



विषय मोठा दिलाय. माणसाचा स्वभावच असा आहे, की जगात कायमची शांती नांदणं शक्य नाही, हे खरं का? मी दहावी पास माणूस. दिवसा धक्क्यावर माल उचलतो, रात्री डोळे उघडे राहिले तर कविता लिहितो. या विषयावर विद्वानांनी ढीगभर पुस्तकं लिहिलीत. ती सगळी वाचायला सात जन्म लागतील, आणि सात जन्मांवर आपला विश्वास नाही. तेव्हा ओझं वाहता वाहता जेवढं कळलं तेवढं सांगतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर उठून विचारा. इथं कुणी महाराज बसलेला नाही.

२०२२ साली युक्रेनचं युद्ध लागलं. २०२३ साली सुदान पेटलं, त्याच वर्षी गाझा. पेपरात फोटो येतात. प्रत्येक वेळी चहाच्या टपरीवर एक शहाणा निघतोच. तो म्हणतो, अरे, माणूस म्हणजे मुळात जनावर. आजवर लढत आलाय, पुढंही लढणार. स्वभावाला औषध नाही. एवढं बोलून तो पेपर उलटतो आणि राशिभविष्य बघतो.

मला त्या शहाण्याचा राग येत नाही. पण स्वभाव हा शब्द कानावर पडला की मी सावध होतो. तुम्हीही व्हा. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपल्या पाठीवर त्याचे वळ आहेत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची कामं वाटून दिलीत ती कशाच्या आधारावर? स्वभावातून निघालेल्या गुणांच्या. एकाच्या स्वभावात ज्ञान, दुसऱ्याच्या स्वभावात शौर्य, तिसऱ्याच्या स्वभावात व्यापार, चौथ्याच्या स्वभावात चाकरी. आणि गावकुसाबाहेरच्याच्या स्वभावात काय? मेलेलं ढोर ओढणं, येसकरकी, तराळकी, जोहार मायबाप. कुणी विचारलं, हे असं का, तर उत्तर तयार: त्यांचा स्वभावच तसा, त्यांना त्यातच गोडी.

मग झालं काय? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं मांस सोडा, असली हलकी कामं सोडा. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकलं. गावोगाव ढोरं ओढणं बंद झालं. गावानं बहिष्कार घातला, वाट अडवली, मजुरी तोडली, तरी बंद झालं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी एका दिवसात देव सोडले. हजारो वर्षांचा स्वभाव म्हणे! दोन पिढ्यांत गेला. कुठं गेला? तो स्वभाव नव्हताच. ती वेठ होती. वेठीला स्वभाव म्हणायची सवय लागली होती.

म्हणून मी म्हणतो, ज्यांनी आपल्याबद्दल स्वभाव सांगून फसवलं, त्यांचाच शब्द युद्धाबद्दल कुणी वापरला तर तपासून घ्यायचा. आपण जगाला पुरावा आहोत, की स्वभाव म्हणून सांगितलेली गोष्ट बदलते.

आता युद्धाकडे येऊ. आपल्या जिल्ह्यापासूनच सुरू करू, कारण लढाऊ स्वभावाचा जो खेळ इथल्या महारांबरोबर झाला तो बघण्यासारखा आहे.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई होते. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई तुम्हाला पाठ आहे. त्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची जी नावं कोरलीत त्यांत २२ नावं शेवटी 'नाक' असलेली आहेत. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर महार शिपायांची वस्ती होती. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. वडील रामजी सुभेदार आणि आजोबा मालोजी, दोघेही पलटणीतले. तेव्हा सरकारच्या लेखी महार कसा? शूर.

मग १८९२-९३ च्या सुमारास वारं फिरलं. सरकारनं लढाऊ जमातींचं शास्त्र काढलं. कोणती जात स्वभावानं लढाऊ आणि कोणती नाही, याच्या याद्या झाल्या. महारांची भरती बंद. काल शूर होता तो आज सकाळी उठून बघतो तर स्वभावानं नालायक! गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले पेन्शनर. त्यांनी १८९४ साली दापोलीत अर्ज तयार केला, की आमची भरती पुन्हा सुरू करा. उपयोग झाला नाही. पुढं पहिलं महायुद्ध लागलं, माणसं कमी पडायला लागली, आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. स्वभाव परत आला! युद्ध संपलं, १९२१ साली पलटण मोडली. स्वभाव परत गेला! दुसरं महायुद्ध आलं, १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. स्वभाव पुन्हा हजर!

हा कसला स्वभाव, जो सरकारी हुकमाबरोबर नळासारखा चालू-बंद होतो? रक्तात असता तर कागदानं गेला नसता.

आपले पूर्वज पलटणीत गेले ते रक्ताची तहान लागली म्हणून नव्हे. पलटणीत पगार होता, पेन्शन होती, पायात बूट होते आणि पोरांना शाळा होती. रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. गावानं ज्या हाताला पाटी शिवू दिली नाही, त्या हातात फौजेनं पाटी दिली आणि बंदूकही दिली. बंदूक ही पाटीची किंमत होती. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी ती किंमत मोजली म्हणून आपण वाचतोय. पण किमतीला आवड म्हणू नका.

इथं आपल्याच पोरांशी थोडं वाकडं बोलणार आहे. राग आला तरी चालेल. मोबाईलवर स्टेटस असतात: आमचं रक्तच लढवय्यांचं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, आपणही जातो, जायलाच पाहिजे. तिथं आपण मान लववतो ती माणसांच्या हिमतीला. पण 'रक्तच लढाऊ' म्हटलं की आपण इंग्रजाचीच यादी हातात घेतो, फक्त आपलं नाव वर सरकवतो. ज्यानं मान्य केलं की शौर्य रक्तात असतं, त्यानं मुकाट्यानं हेही मान्य केलं की गुलामी रक्तात असते. मग मनूची पोथी १९२७ साली महाडला जाळली कशाला?

आणखी एक साधा प्रश्न. मारणं हा माणसाचा स्वभावच असेल तर फौजेला एवढी मेहनत का घ्यावी लागते? महिनोन् महिने ड्रिल, शिव्या, बँड, पदकं, वर रम. आणि तरीही माणूस पळतो. पहिल्या महायुद्धात पळून गेले, भेदरले म्हणून ब्रिटिश फौजेनं आपल्याच तीनशेच्या वर शिपायांना उभं करून गोळ्या घातल्या. २००६ साली ब्रिटनच्या सरकारनं अशा ३०६ जणांना माफी दिली. नव्वद वर्षांनी, मेल्यावर! माशानं पोहावं म्हणून त्याच्या मागे बंदूक घेऊन उभं राहावं लागत नाही. माणसानं मारावं म्हणून मात्र उभं राहावं लागतं.

मग युद्ध होतं कशानं? रत्नागिरीकरानं त्यासाठी लांब जायला नको. टेकडीवर थिबा पॅलेस आहे. शाळेच्या सहलीत आपण तो बघितलाय, आरशापुढे फोटो काढावा तसे त्याच्यापुढे फोटो काढलेत. पण तो राजा इथं आला कसा? ब्रह्मदेशच्या जंगलात साग होता. तो तोडायचा ठेका बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे होता. थिबाच्या दरबारानं कंपनीला दंड ठोठावला, तोडलेले ओंडके कमी दाखवले म्हणून. दुसरीकडे इंग्रजांना धाक होता की फ्रेंच तिथं पाय रोवतील. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांची फौज इरावती नदीतून वर गेली. पंधरवड्यात राज्य संपलं. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला आणि एप्रिलमध्ये राजा-राणी रत्नागिरीला. त्या आधी १८५८ साली दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर यालाही असंच रंगूनला नेलं होतं. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. थिबाचा पॅलेस १९१० साली बांधून झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथंच मेला.

आता सांगा, यात स्वभाव कुणाचा? त्या फौजेत हिंदुस्थानी शिपाई होते. त्या शिपायाचं थिबाशी काय भांडण? त्यानं ना साग विकला ना दंड भरला. भांडण हिशेबाच्या वहीत सुरू झालं आणि मरायला गेला तो ज्याचं वहीत नावही नाही. थिबाला मी साधू म्हणत नाही. १८७९ साली मंडालेला त्याच्या राजवाड्यातच गादीच्या भीतीनं राजघराण्यातल्या कितीतरी माणसांची कत्तल झाली. तिथंही बघा, कारण गादी होती. राजे आणि कंपन्या हिशेब करून मारतात, आणि मग त्याला सगळ्या माणसांचा स्वभाव म्हणतात.

दुसरा दाखला माझ्या धंद्यातला. १४ एप्रिल १९४४, मुंबई, व्हिक्टोरिया डॉक. तारीख ध्यानात ठेवा, आपल्याकडे ती जयंतीची. त्या दिवशी एस. एस. फोर्ट स्टिकिन नावाची बोट धक्क्याला लागलेली होती. पोटात जवळजवळ १४०० टन दारूगोळा आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी. असला माल गोदीत न आणता बाहेर बार्जमध्ये उतरवायचा, ही रीत युद्धाच्या घाईत सैल केली होती. दुपारी आग लागली. चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. शेकडो माणसं मेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे साठाच्या वर जवान गेले. गोदीभोवतीच्या वस्त्या जळाल्या. मुंबईच्या गोदीत कोकणचा माणूस पिढ्यान् पिढ्या राबतोय, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या गोदीत शत्रू कुठं होता? एक जपानी नव्हता, एक जर्मन नव्हता. मेलेल्यांपैकी कुणाच्या मनात कुणाबद्दल द्वेष होता? हमाल माल उतरवत होता, घरी जाऊन भाकरी खायच्या विचारात होता. तेव्हा मला कळलं ते असं: युद्धाला रागाची फारशी गरज नसते. युद्ध म्हणजे माल. कुणीतरी बनवतो, कुणीतरी बिल फाडतो, कुणीतरी बोटीत चढवतो, कुणीतरी नियम सैल करतो. राग शेवटी लावतात, डब्यावर लेबल लावतात तसा.

आता कुणी म्हणेल, हमाला, तू सोयीचं तेवढं सांगतोस. माणसात हिंसा नाहीच का? आहे. खोटं कशाला बोलू? सुदानमध्ये नाईलच्या काठी जेबेल सहाबा इथं १९६० च्या दशकात एक जुनी दफनभूमी उकरली. सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीची ६१ माणसं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हाडांवर दगडी हत्यारांच्या जखमा, बायका-पोरांच्या सुद्धा. तेव्हा ना कंपनी होती ना गादी. पण आपल्या कशेळीच्या सड्यावर जाऊन बघा. कुणा जुन्या माणसांनी कातळावर भला मोठा हत्ती कोरलाय, त्याच्या पोटात मासे, जनावरं, पक्षी. माणसाचा हात दोन्ही करतो. तो दगडानं डोकं फोडतो आणि दगडावर हत्ती कोरतो. मग नुसतं फोडण्यालाच स्वभाव का म्हणायचं?

१९३२ साली आइन्स्टाइननं फ्रॉइडला पत्र लिहून विचारलं, माणसाला युद्धापासून सोडवता येईल का? फ्रॉइड गोड बोलणारा नव्हता. त्यानं कळवलं की विध्वंसाची ओढ माणसातून उपटता येणार नाही. पण माणसाला माणसाशी जोडणारं जे जे असेल ते युद्धाच्या विरोधात उभं राहतं. १९८६ साली स्पेनमधल्या सेव्हिल शहरात देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी निवेदन काढलं, की युद्ध माणसाच्या रक्तात किंवा जनुकात लिहिलंय असं म्हणायला विज्ञानाचा आधार नाही. १९८९ साली युनेस्कोनं ते स्वीकारलं. आणि या सगळ्यांच्या अडीच हजार वर्षं आधी बुद्धानं लोभ, द्वेष आणि मोह ही मुळं दाखवली. बुद्धानं माणसाला मूळचा देवदूत म्हटलं नाही. पण रोग सांगून तो थांबला नाही, मार्गही सांगितला. स्वभावाला औषध नाही असं वैद्य म्हणायला लागला तर त्याच्याकडे जायचं कशाला?

आता धक्क्यावरचं सांगतो. कुठला धक्का, कुणाचा ठेका, ते सोडा. सगळीकडे तेच आहे. सकाळी मुकादम येतो. ऐंशी माणसं उभी, काम चाळिसांचं. तो बोट दाखवतो: तू, तू, तू. बाकीच्यांनी घरी जायचं. एक टोळी आपल्या इकडची, दुसरी परमुलखातनं आलेली. हे म्हणायचे ते स्वस्तात राबून आमचं पोट मारतात, ते म्हणायचे हे आम्हाला जगू देत नाहीत. एके दिवशी गोणी उचलायच्या आकड्यानं एकाचं डोकं फुटलं. मुकादम हसून म्हणाला, यांची जातच भांडखोर, यांच्या स्वभावाला कोण काय करणार?

मग दोन्ही टोळ्यांतली वडीलधारी माणसं एका संध्याकाळी बसली. एक शंभर पानी वही आणली. दोन्ही टोळ्यांची नावं एकाआड एक लिहिली. आज ज्याची पाळी झाली तो उद्या खाली. मुकादमाचं बोट बंद. तो कुरकुरला, पण ऐंशी माणसं एकत्र म्हटल्यावर त्यानं करायचं काय? तेव्हापासून आकडा कुणी उगारला नाही. भांडणं पार संपली असं नाही. दारू पिऊन शिवीगाळ होते, पाळीवरनं हुज्जत होते, वही दाखवली की मिटते. माणसं तीच, भूक तीच, स्वभाव तोच. बदललं काय? वही आली आणि बोट गेलं.

महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: हमालाचं नाव नोंदवा, मालकाचं नाव नोंदवा, काम आणि मजुरी मंडळामार्फत. देशांच्या बाबतीतही असं झालंय. फ्रान्स आणि जर्मनी १८७०, १९१४ आणि १९३९ साली लढले. सत्तर वर्षांत तीनदा. लोक म्हणायचे, यांचं जन्माचं वैर. १९५१ साली त्यांनी आणखी चार देशांना घेऊन करार केला, की ज्यातनं तोफा होतात तो कोळसा आणि ते पोलाद सामाईक देखरेखीखाली ठेवायचं. त्यानंतर त्या दोघांत युद्ध झालेलं नाही. पण थांबा, टाळ्या वाजवू नका. त्याच फ्रान्सनं १९५४ ते १९६२ अल्जेरियात रक्ताचा चिखल केला. का? अल्जेरियाचं नाव त्या वहीत बरोबरीनं नव्हतं. आणि १९४५ पासून संयुक्त राष्ट्रांची मोठी वही आहे, पण पाच देशांच्या हातात नकाराधिकार. म्हणजे वही आहे आणि बोटही आहे. गाझाच्या वेळी ते बोट पुन्हा पुन्हा वर झालेलं सगळ्या जगानं बघितलं.

यातून मी एवढंच शिकलो: ज्याचं नाव बरोबरीनं वहीत नाही, त्याच्यासाठी शांती नाही. आणि त्याच्यासाठी नाही तर शेवटी कुणासाठीच नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. तुम्ही म्हणाल, शांतीचं प्रवचन आम्हाला कशाला? ज्यांच्या हातात काठी आहे त्यांना द्या. बरोबर आहे. म्हणून शांतता आणि शांती या दोन शब्दांत मी फरक करतो. 'शांतता राखा' ही पाटी शाळेत असते, दवाखान्यात असते, कोर्टात असते. शांतता म्हणजे आवाज बंद. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली गेली. असं काही घडलं की आपल्याला पहिला उपदेश येतो: शांतता राखा. मारताना कुणी पाटी दाखवत नाही, रडताना दाखवतात. तसली शांतता म्हणजे हरलेल्याचं गप्प बसणं. ती कायमची टिकावी असं मला वाटत नाही. तिला मोडलीच पाहिजे.

पण मोडायची कशी, हेही बाबासाहेबांनी आपल्या शेजारच्या महाडात दाखवलंय. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी प्यालं. देवळात घुसणार अशी खोटी आवई उठवून सवर्णांनी परिषदेच्या माणसांवर हल्ला केला, बायका-पोरांनाही मारलं. परिषदेला आलेल्यांत पलटणीतनं परत आलेले शिपाई होते. मारायचं शिक्षण घेतलेले, युद्ध बघितलेले. बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांना आवरलं. मग डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला गेले, कोर्टात दहा वर्षं लढले आणि १९३७ साली हायकोर्टात पाण्याचा हक्क जिंकला. लढाऊ स्वभावाची ती माणसं त्या दिवशी भित्री झाली होती का? त्यांच्या हातात हिंसा होती आणि तिच्यावर लगामही होता. लगाम धरणं हेही माणसाच्याच स्वभावात आहे.

याचा अर्थ मार खात बसा असा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात हिटलरशाहीविरुद्ध सैन्यात जा, असं बाबासाहेबांनीच सांगितलं. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली निघाला. त्यात सिद्धार्थ घर सोडतो ते रोहिणी नदीच्या पाण्यावरनं शाक्य-कोलियांचं युद्ध नको म्हणून. युद्ध तर टळतं, पण त्याचं मन भरत नाही. त्याच्या ध्यानात येतं की देशादेशांतलं युद्ध अधूनमधून होतं, माणसामाणसांतलं, वर्गावर्गांतलं रोज चालू असतं. रोहिणीचं पाणी, चवदार तळ्याचं पाणी. ज्यांना विश्वशांती पाहिजे त्यांनी आधी गावच्या पाणवठ्याकडे बघावं. आणि आपणही बघावं. दिवसभर मोर्चात घोषणा द्यायची आणि रात्री घरात बाईवर हात टाकायचा, वर म्हणायचं, काय करू, माझा स्वभावच तापट! दोस्ता, मुकादमापुढे कुठं जातो रे तुझा तापट स्वभाव? तिथं बरा थंड होतो. म्हणजे तोही स्वभाव नव्हे, तीही गादीच.

शेवटी, करायचं काय? मघाशी म्हटलं, युद्ध म्हणजे माल. माल आहे तर तो कुणाच्या तरी हातातनं जातो. १९७१ साली बांगलादेशात कत्तल चालू असताना अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी बोटीत माल भरायला नकार दिला. २०१९ साली इटलीत जिनोआच्या कामगारांनी सौदी बोटीत माल चढवायला नकार दिला, येमेनच्या युद्धाला आमचे हात नाहीत म्हणून. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या देशातल्या ११ मोठ्या बंदरांतल्या कामगारांच्या फेडरेशननं जाहीर केलं, की गाझाच्या युद्धात वापरायची हत्यारं आम्ही चढवणार-उतरवणार नाही. हे कुणी संत नव्हते. माझ्यासारखीच घामाच्या वासाची माणसं. त्यांच्या नकारानं युद्ध थांबलं असं मी म्हणत नाही. पण ज्या दिवशी हमाल म्हणाला, ही पेटी मी उचलत नाही, त्या दिवशी 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण खोटी पडली.

तर कायमची शांती शक्य आहे का? माझं उत्तर ऐका. आपल्याकडे होडी एकदा बांधली म्हणून कायमची होत नाही. पावसाळ्यात ती वर ओढतात, फटी बुजवतात, तेल पाजतात, मगच पुन्हा पाण्यात. एक वर्ष आळस केला की पाणी आत. म्हणून कुणी म्हणतं का, की बुडणं हा होडीचा स्वभाव आहे, कशाला बांधायच्या होड्या? बुडते ती निगा न राखल्यामुळे, किंवा कुणीतरी मुद्दाम भोक पाडल्यामुळे. शांतीही तशीच बांधायची आणि दर वर्षी डागडुजी करायची. भोक पाडणारा कोण, त्याचं नाव घेऊन सांगायचं. आणि होडीत सगळ्यांना बरोबरीनं जागा द्यायची, कुणाला काठावर उभं ठेवायचं नाही.

यापुढं कुणी तुम्हाला स्वभाव सांगायला लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. या स्वभावाचा फायदा कुणाला होतो? हा स्वभाव ठरवणारी यादी कुणी लिहिली? आणि मरायला कोण जातो? तो चिडेल. चिडू द्या. तुम्ही लगाम धरा, आणि प्रश्न सोडू नका.

जयभीम.